वैशाखात उघडलेले विष्णुपुरीचे दरवाजे

आमचा संघपाल कामाचा माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढं मी त्याची जी काही उडवणार आहे, तिचा कुणी राग धरू नये. सख्खा धाकटा भाऊ आहे माझा, तेवढा हक्क आहे मला. मी विशाखा, नांदेडात हायस्कूलवर शिकवते. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांवर ओरडून झालं की थोडा आवाज घरच्यासाठी राखून ठेवते, आणि तो सगळा ह्याच्यावर खर्च होतो.

संघपाल विष्णुपुरी धरणाजवळच्या कॉलेजातून इंजिनीयर झाला, पुण्याच्या कंपनीत लागला आणि कामाला बसला तो नांदेडच्या तरोड्यातल्या आमच्याच घरात. घरून काम. कंपनीतल्या लोकांनी त्याला पाहिलाय तो छातीपासून वर, आणि त्याच्या मागं एक वांगी रंगाचा पडदा. पडद्यामागं काय आहे म्हणाल तर गव्हाची कोठी, बाबांची जुनी सायकल आणि वाळत घातलेल्या कुरडया. अंगात वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी, आणि तोंडात कायम एकच वाक्य, "हाव सर, करून राहिलो सर." घास गिळायच्या आधी हे वाक्य बाहेर पडतं. नाही म्हणणं त्याला येतच नाही. एकदा मोठ्या हिमतीनं त्यानं रजा मागायला फोन लावला आणि आणखी एक काम अंगावर घेऊन फोन ठेवला. मी शेजारीच उभी होते. कपाळावर हात मारून घेतला.

ती रजा हवी होती आईसाठी. आमची आई धुरपताबाई, रेणापूरकडची. तिनं जन्मात कुणाकडं काही मागितलं नाही, आणि मागितलं तेव्हा एकदम श्रीलंका मागितली. तिथं अनुराधापूरला बोधिवृक्ष आहे. बुद्धगयेच्या झाडाची फांदी नेऊन लावलेला, असं बाबा सांगायचे. त्याचा फोटो आमच्या बैठकीत बाबांनी लावलेला, अजून तिथंच आहे.

बाबा म्हणजे ग्यानोबा कंडक्टर. देगलूरकडच्या गाड्यांवर त्यांची ड्यूटी असायची. दर पौर्णिमेला दिवे लागायच्या वेळेला घरात वंदना व्हायची. बाबा पुढं बसून सांगणार, त्यांच्या मागून आम्ही म्हणणार. आवाज असा खणखणीत की गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा, तिकीट तिकीट म्हणून कमावलेला आवाज तो. मग बाबा खाकी कपडे चढवून मुक्कामी गाडीवर निघायचे. संध्याकाळी निघून खेड्यात मुक्काम करते आणि सकाळी परत येते, ती गाडी. आम्ही दोघं बहीणभाऊ त्यांची तिकिटांची पेटी धरून कोपऱ्यापर्यंत पळत जायचो. पेटी कुणी धरायची यावरून मारामाऱ्या करायचो. लई मजा वाटायची.

बाबा रिटायर व्हायच्या आधीच गेले. तेव्हापासून वंदना सांगायचं काम संघपालकडं आलं. बापाचाच आवाज आहे त्याला, त्यात खोट नाही. पण ह्याचं काय, पंचशील अर्ध्यावर आलं की मांडीवरचा फोन गुरगुरतो, हा उठतो आणि "हाव सर" करत गच्चीवर जातो. आई मागं बसलेली तशीच. म्हणून आईनं जायचं ठरलं त्या दिवशीच त्याला समोर बसवून सांगितलं, "वैशाखी पुनवेला त्या झाडाखाली बसायचं. बापाच्या जागी बसून तू सांगायचं. आन् अर्ध्यात उठायचं न्हाई. एवढंच मागणं हाय माझं."

"हाव आई," संघपाल म्हणाला. तो सगळ्यांनाच हाव म्हणतो, त्यामुळं मला काही फार भरवसा वाटला नाही.

रजेचं तर वर सांगितलंच. मग ह्या पठ्ठ्यानं डोकं चालवलं. म्हणाला, "ताई, लॅपटॉपला काय कळतंय तो नांदेडात हाय का लंकेत? काम बी होईल, फिरणं बी होईल." आणि निघायच्या दिवशी सकाळी खुर्चीवर चढून त्यानं काय करावं? खोलीतला वांगी पडदा काढला, घडी केली आणि बॅगेत भरला. सोबत दोरी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. मी म्हटलं, "अरे, संसार घेऊन चाललास का रे?" तर म्हणतो, "मागं पडदा दिसला की सर समजतात मी घरीच हाय." ऑफिसला सांगितलं घरी आहे, गल्लीत सांगितलं रजा मिळाली. दोन्हीकडं खोटं आणि मधे आम्ही.

हैदराबादहून विमान होतं. नांदेडहून गाडी देगलूरवरून गेली तेव्हा डुलक्या काढणारी आई बरोबर स्टँडपाशी जागी झाली, खिडकीतून बघत राहिली, आणि गाव मागं पडल्यावर परत झोपली.

पहिला मुक्काम समुद्रकाठी. छोटंसं घरगुती लॉज, अंगण संपलं की वाळू आणि वाळू संपली की समुद्र. आईनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. लुगड्याचा काठ हातात धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि लाट आली की "अगं माय!" म्हणून हसायची, परत उभी राहायची. "संघपालला बोलव, संघपालला बोलव," असं तिचं चाललेलं. मी बोलवायला गेले. साहेबांनी खिडकीला दोरी बांधून वांगी पडदा लावला होता आणि समुद्राकडं पाठ करून मीटिंगला बसले होते.

मीटिंग यज्ञेश सरांबरोबर. हे संघपालचे वरिष्ठ, मूळचे लातूरचे, आणि तेही हल्ली लातूरला घरूनच काम करतात. मी दारात उभी, आणि लॅपटॉपमधून त्यांचा आवाज आला, "संघपाल, मागं कसला आवाज येऊन राहिला हो? घोंघों घोंघों."

आता मला सांगा, दुसरा कुणी असता तर म्हणाला असता पंखा आहे, गिरणी आहे, शेजारी बोअर मारून राहिलेत. पण विष्णुपुरीला कॉलेज केलेल्या माणसाला पाण्याचा आवाज म्हटलं की एकच गोष्ट आठवते. हा म्हणाला, "सर, ते विष्णुपुरीचे दरवाजे उघडलेत."

मला वाटलं नेट गेलं. मग यज्ञेश सर अगदी सावकाश म्हणाले, "दरवाजे. वैशाखात."

अहो, वैशाखात धरणाला मागायची वेळ असते, सोडायची नाही! दरवाजे उघडतात ते श्रावण-भादव्यात, तेही पाऊस झाला तर. आणि विष्णुपुरी काय आमच्या परसात आहे, तरोड्यात बसून ऐकू यायला? बरं, थाप मारायची तर ती कुणाला? लातूरच्या माणसाला! उन्हाळ्यात ज्याचे डोळे नळाच्या तोटीकडं लागलेले असतात, त्याला पाण्याबद्दल खोटं सांगायचं? मी पदर तोंडात कोंबून बाहेर पळाले.

"बरं आहे बाबा तुम्हा नांदेडवाल्यांचं," असं यज्ञेश सर म्हणाल्याचं मागून ऐकू आलं. "फोटो टाका बरं एखादा. आमच्या वडिलांना दाखवतो, खुश होतील."

झालं. तिथून पुढं आमच्या संघपालची लंका ती काय, एका फोटोच्या मागं गेली. व्हॅनमधून आम्ही चाललोय, दोन्ही बाजूंनी नारळ, भातखाचरं, पांढरे स्तूप. आई बोट दाखवून दाखवून बेजार, आणि हा मान खाली घालून मित्रांना मेसेज करतोय, दरवाजे उघडल्याचा फोटो आहे का रे कुणाकडं. एका ठिकाणी रस्त्यात खरा हत्ती आडवा आला. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. आई ओरडली, "संघ्या, हत्ती बघ!" ह्यानं वर न बघता फोन दाबून धरला आणि मलाच म्हणाला, "ताई, तिला हळू बोलाय सांग, माइक चालू हाय." शेवटी कुणीतरी फोटो पाठवला, ह्यानं तो लगेच सरांना पुढं ढकलला, आणि निवांत होऊन खिडकीबाहेर बघायला लागला. तेवढ्यात उत्तर आलं. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. "छान. पण संघपाल, पुलावरच्या सगळ्या लोकांच्या हातात छत्र्या कशाला?"

"ऊन लई हाय म्हणून सांग," मी म्हटलं. बिचाऱ्यानं खरंच तसं पाठवलं.

सिगिरियाला मोठा उंच खडक आहे, वर राजवाड्याचे अवशेष आहेत. आईचे गुडघे बोलतात, तेव्हा ती खालीच थांबली. संघपाल म्हणाला, "मी बसतो तिच्यापाशी, तू जाऊन ये." मला वाटलं, चला, लेकरानं आईसाठी काहीतरी सोडलं. वर जाऊन, धापा टाकून, फोटो काढून मी खाली आले, आणि जे बघितलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. शहाळ्यांच्या गाड्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत संघपाल लॅपटॉप घेऊन बसलेला. मागं बांधायला भिंत नव्हती, झाड नव्हतं. तर वांगी पडद्याचं एक टोक धरून शहाळेवाला उभा, आणि दुसरं टोक दोन्ही हातांनी डोक्याएवढं उंच धरून आई उभी. उन्हात. लोक येता-जाता बघून राहिलेत, आणि ती मात्र हालली तर लेकाचं काम बिघडेल म्हणून अशी ताठ, जशी शाळेत शिक्षा झालेली पोरगी.

हसू बिसू सगळं पळालं माझं. डोक्यात तिडीकच गेली. मीटिंग संपेपर्यंत मी कसाबसा दम धरला, आईच्या हातातलं टोक मी घेतलं, आणि लॅपटॉप मिटला तशी फुटले. "अरे, आईला लंका दाखवायला आणलंस का पडदा धरायला? लाज कशी वाटत नाही तुला? तू काय पाहिलंस रे इथं येऊन? समुद्राला पाठ, हत्तीला पाठ, आता आईलाही पाठ!"

संघपालचं तोंड एवढंसं झालं. "ताई, तिनंच धरला. मी म्हणलो नव्हतो."

"राहू दे गं," आई म्हणाली. हात खाली घेतल्यावर दंड चोळत होती. "काम हाय त्याचं. हितं काय न् तिथं काय, मी बसूनच होते." मग त्याच्याकडं न बघता म्हणाली, "उद्या पुनव हाय."

"उद्या एक बी मीटिंग न्हाई आई. सरांना सांगून ठेवलंय." काय सांगून ठेवलंय, ते मी विचारलं नाही. नांदेडची लाइट जाणार आहे असंच काहीतरी असणार.

पौर्णिमेला सकाळी अनुराधापूर. आईनं घरून तिघांचे पांढरे कपडे आणले होते, आपल्याकडं वंदनेला घालतो तसेच. तिथं पोचलो तर सगळं गावच पांढऱ्या कपड्यांत. आईला एवढा आनंद झाला! कुणाची भाषा कळेना, पण जो तो हात जोडतोय, ही हात जोडतेय. रस्त्याकडेला मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवायला वाढत होते. आई म्हणाली, "आपल्या चौदा एप्रिलवानीच हाय की गं सगळं." चपला बाहेर ठेवून तापलेल्या वाळूवरून आम्ही झाडापाशी गेलो. उंच ओटा, सोनेरी कठडा, आणि कठड्याबाहेर झेपावलेल्या फांद्या, खाली लोखंडी टेकू दिलेले. आई त्याच्याकडं बघत उभी राहिली. फोटोत आयुष्यभर बघितलेलं माणूस समोर यावं, तसं तिचं झालं. नुसती नाक ओढत राहिली. मलाही रडू आलं, सांगायला काय जातंय.

मग पिशवीतून तिनं वांगी पडदा काढला आणि वाळूवर अंथरला.

"आई, पडदा!" संघपाल म्हणाला.

"मग बसायचं कशावर? घरी धुवून घेऊ."

पुढं संघपाल बसला, मागं आम्ही दोघी. शेजारी एक तिथलीच म्हातारी बसली होती, पांढऱ्या साडीतली, अगदी आमच्या आईच्याच वयाची. संघपालनं हात जोडले आणि सुरू केलं, "नमो तस्स भगवतो..." काय आवाज लागला त्याचा! बाबाच. आणि त्याच्या मागून आम्ही म्हणायला लागलो तर ती म्हातारीही म्हणायला लागली. तिला मराठीतलं 'पाणी' कळलं नसतं, पण वंदनेची पाली भाषा तीच होती. आईनं माझ्याकडं बघितलं, डोळे हे एवढे मोठे. मग परत मिटून घेतले.

त्रिसरण झालं. पंचशील सुरू झालं. अन् फोन गुरगुरला.

मी बघितलं, यज्ञेश सर. संघपालचा आवाज थांबला. तो थांबला तसे आम्ही थांबलो, म्हातारी थांबली. आपल्यात सांगणारा थांबला की मागच्यांनी काय म्हणायचं? फोन थांबून परत सुरू झाला. संघपालचा एक गुडघा उठला. सवयच ती, कितीक वर्षांची. त्यानं फोन माझ्याकडं सरकवला आणि कुजबुजला, "ताई, तू घे. लाइट गेली म्हणून सांग. अर्जंट दिसतंय."

"मी उठत नसते," मी म्हटलं. "आणि तू उठलास तर ह्यापुढं माझ्या दारात येऊ नकोस."

आई मात्र तशीच. हात जोडलेले, डोळे मिटलेले, पुढच्या शब्दाची वाट बघत बसलेली. रागावलेली नव्हती हो. तेच तर अवघड होतं. असं कुणी उठून जाण्याची सवय असलेलं माणूस जसं बसतं, तशी बसली होती.

संघपालनं तिच्याकडं बघितलं. मग त्यानं बसल्या जागी फोन कानाला लावला. नोकरीच्या भीतीनं त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"सर, मी नांदेडात न्हाई," तो म्हणाला. "श्रीलंकेत हाय. आईला घेऊन आलोय. आम्ही वंदनेला बसलोय सर, अर्ध्यात उठता येत न्हाई."

जन्मात पहिल्यांदा तो कुणालातरी नाही म्हणाला होता. मी एवढी जवळ बसले होते की पलीकडचं सगळं ऐकू आलं.

"छत्र्या बघितल्या तेव्हाच कळलं होतं मला," यज्ञेश सर म्हणाले. आवाजात राग होता, खोटं कशाला सांगू. "तुम्ही कधी सांगताय तेवढंच बघत होतो. इथं काम अडकलंय संघपाल, आणि मला तुमच्याशी बोलायचं पण आहे, नीट. झालं की फोन करा. पण झाल्यावर करा."

संघपालनं फोन बंद केला आणि पडद्याखाली सरकवला. गुडघा परत खाली आला. "आई, कुठपर्यंत झालं होतं?"

"पयल्यापासून," आई डोळे न उघडता म्हणाली.

पहिल्यापासून सुरू झालं. त्रिसरण, पंचशील, बुद्धवंदना, धम्मवंदना, संघवंदना. मधे एकदा संघपालचा आवाज भरून आला, तेव्हा त्या म्हातारीनं शब्द पुढं ढकलला आणि त्यानं तो उचलला. आजूबाजूचे दोघं-चौघं सरकून जवळ येऊन म्हणायला लागले. शेवटी सगळ्यांनी मिळून तीनदा साधु म्हटलं. म्हातारीनं आईच्या गालावरून हात फिरवला आणि काहीतरी बोलली. आई म्हणाली, "हाव बाई, हाव." दोघींना सगळं कळलं असावं.

संघपाल वळून आईच्या पाया पडला आणि तिथंच मान खाली घालून बसला. म्हणाला, "आई, चुकलं माझं. बाबांसारखं न्हाई जमलं मला कधी."

"बाबासारखंच करत व्हतास की रे," आई हसून म्हणाली. "तुझा बाप कवा पुरी म्हणला? पंचशील झालं का त्याच्या मुक्कामी गाडीची वेळ. तो उठायचा, त्याच्या मागं पेटी घेऊन तुमी दोघं पळायचे. राहिलेली मी एकलीच म्हणायची, दिव्याम्होरं बसून. मग तू बी तसाच उठाय लागला. कामाच्या माणसाला कसं आडवावं? पर मनात यायचं, एकदा तरी कुणीतरी माझ्यासंगं शेवटपत्तर बसावं."

मला त्या पळण्याची मजा आठवत होती, पेटीवरून केलेल्या मारामाऱ्या आठवत होत्या, बाबांनी गाडीतून हलवलेला हात आठवत होता. मागं घरात वंदना चालूच असायची, हे मला ह्या वयात, दुसऱ्या देशात येऊन कळत होतं.

आईनं पडदा झटकायला घेतला तसा खालचा फोन वाळूत पडला. तिनं तो उचलला, पदरानं पुसला आणि संघपालच्या हातात दिला.

"कर आता साहेबाला," ती म्हणाली. "आता झालंय पुरं."